एका शास्त्र्याची विसर्जने

अनंत चतुर्दशीचा दिवस उजाडला की कल्याणात दुर्गाडीखालच्या गणेश घाटाकडे पावले वळू लागतात. घरोघरी उत्तरपूजा होते, मूर्तीवर अक्षता पडतात, यजमान आसनावरची मूर्ती किंचित हलवतो आणि त्या क्षणापासून निरोपाला आरंभ होतो. आपल्या शास्त्रकारांची दृष्टी किती सूक्ष्म होती पाहा. आवाहनाला जसा विधी सांगितला, तसाच सोडून देण्यालाही सांगितला. दहा दिवस ज्या चरणांवर मस्तक ठेवले, ती पार्थिव मूर्ती आपल्याच हातांनी पाण्यात सोडून रिकामा पाट घेऊन घरी यायचे. लहान मुले रडतात. मोठी माणसे रडत नाहीत इतकेच.

आजच्या या पुरवणीत एका ख्रिस्ती गृहस्थाचे चरित्र पाहून कित्येक भाविकांस आश्चर्य वाटेल. मूर्ती सोडणे हे शब्द ख्रिस्ती धर्माच्या संदर्भात ऐकले की आपल्या घरांतून कपाळावर आठी उमटते, आणि ती अस्थानी म्हणता येत नाही. सोळाव्या शतकात गोमंतकात पोर्तुगीज सत्तेखाली देवळे पाडली गेली. कल्याणपासून फार दूर नसलेली वसई १७३९ पर्यंत त्याच सत्तेखाली होती. तो इतिहास या परिसराच्या स्मरणातून गेलेला नाही. पण दुसऱ्याच्या देव्हाऱ्यावर घण घालणे ही एक गोष्ट, आणि स्वतःच्या हृदयातील देव्हारा उघडून तेथे देवाच्या जागी कोण बसले आहे हे पाहणे ही अगदी निराळी गोष्ट. ख्रिस्ती साधकाला सांगितलेली खरी साधना ही दुसरी होय. संत पौलाने कलस्सै येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात लोभालाच मूर्तिपूजा म्हटले आहे. मोशे पर्वतावर असताना इस्राएली लोकांनी सोन्याचे वासरू केले ती कथा पुष्कळांना ठाऊक असेल. त्या वासरासाठी सोने कोठून आले, तर त्यांच्याच बायकामुलांच्या कानांतून. आपल्या अंगावरचे आपल्याला प्रिय असलेले जे, त्याचीच मूर्ती घडते, असा त्या कथेचा अर्थ मी घेतो.

या साधनेचे मराठी मुलखातील उदाहरण शोधू जाता नजर रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्यापाशी थांबते. फुलामुलांचे कवी म्हणून शाळकरी पिढ्यांना ते ठाऊक आहेत. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’मुळे त्यांच्या स्वभावाच्या लहरीही महाराष्ट्राला पाठ आहेत. पण त्यांचे आयुष्य एकामागून एक केलेल्या विसर्जनांचे आहे, हे फारसे कोणी पाहिलेले नाही.

त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. बालपणीचे शिक्षण मात्र आपल्या कल्याणात. त्या वेळचे कल्याण म्हणजे खाडीचे बंदर, वाड्यांचे गाव आणि नुकतेच मोठे होऊ लागलेले रेल्वेचे जंक्शन. येथे लोहमार्ग दुभंगतो. एक फाटा घाट चढून नाशिक-नागपूरकडे जातो, दुसरा पुण्याकडे. नारायणाच्या आयुष्याची सारी ठाणी पुढे याच दोन दिशांना पसरलेली दिसतात. वडील वामनराव करारी आणि तापट. आई जानकीबाई सौम्य, भाविक, गोड गळ्याची. मुलाचा सारा जीव आईत. १८७३ च्या सुमारास ती गेली आणि कोवळ्या वयाच्या नारायणाने घर सोडले. तो नाशिकला आला. सोडून निघणे ही त्याच्या स्वभावातली खोड येथून दिसू लागते. पण हे विसर्जन नव्हे, ही ताटातूट. विसर्जनाला पूजा आधी व्हावी लागते आणि सोडणाऱ्याचे मन त्यात असावे लागते.

नाशिकला वेदशास्त्रसंपन्न गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृताचे अध्ययन झाले. नारायणाची बुद्धी तीव्र, पाठांतर दांडगे, वाणी ओघवती. पुराणे सांगावीत, कीर्तने करावीत, शीघ्र कविता रचावी आणि सभेने माना डोलवाव्यात, असा तो काळ होता. १८८० साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका त्यांच्या घरी लक्ष्मी होऊन आली. नवरा अठरा-एकोणीस वर्षांचा, नवरी अकरा-बारा वर्षांची. पुढे संसार एका गावी म्हणून टिकला नाही. नोकरी धरायची, सोडायची. मनात आले की वैराग्याने निघून जायचे, पुन्हा यायचे. पैसा तर त्यांच्या हातात ठरतच नसे. म्हणून द्रव्याची मूर्ती त्यांच्या देव्हाऱ्यात कधीच नव्हती. ज्याच्यापाशी लोभ नाही त्याला आपण निर्लेप आहोत असे वाटू लागते, आणि नेमकी तेथेच फसगत होते. भागवताच्या पंचम स्कंधातील भरत राजाची कथा आम्ही कीर्तनकार वर्षानुवर्षे लावतो. त्याने राज्य सोडले, पुत्र सोडले, गंडकीच्या तीरी तप आरंभले. आणि हरिणाच्या एका पाडसात तो अडकला. राज्य मोठे असते म्हणून दिसते, पाडस लहान असते म्हणून दिसत नाही.

टिळकांचे पाडस कोणते? नागपूरला धनाढ्य आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते संस्कृत ग्रंथांचे काम करीत होते. वयाची तिशी आलेली, विद्येची कीर्ती झालेली. त्या दिवसांत त्यांच्या मनाने एक मोठा संकल्प धरला. जातिभेदाने आणि मतभेदाने विस्कटलेला हा देश एक व्हावा, त्यासाठी एक नवा धर्म हवा, आणि तो आपण स्थापावा. संकल्प उदात्त होता यात शंका नाही. देशावरचे प्रेमही अस्सल होते. ते पुढे अखेरपर्यंत टिकले. पण त्या संकल्पाच्या मध्यभागी, गाभाऱ्यात, धर्मसंस्थापक नारायणशास्त्री टिळक यांची प्रतिमा उभी होती. विद्वानाच्या अंतःकरणातील या प्रतिमेला तोड नाही. ती सोन्याची नसते, म्हणून चोर नेत नाही; मातीची नसते, म्हणून पाण्यात विरघळत नाही. संस्कृत विद्येवर पोट भरणाऱ्या आम्हा लोकांना तिचा परिचय आहे.

१८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एक गोरे गृहस्थ भेटले. संस्कृत काव्याविषयी बोलणे निघाले, तेथून ते ईश्वराकडे वळले. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने ख्रिस्ती शास्त्राचे एक पुस्तक टिळकांच्या हाती ठेवले आणि ते वाचण्याचे वचन घेतले. त्याचे नाव टिळकांना पुढे कधीच कळले नाही. वचन पाळायचे म्हणून शास्त्रीबुवांनी ग्रंथ हाती धरला. दोष काढण्याच्या तयारीनेच धरला असणार. मत्तयाच्या शुभवर्तमानातील पर्वतावरील प्रवचनापाशी ते आले आणि तेथे खिळले. ज्या गोष्टी आपण स्थापायच्या धर्मात सांगणार होतो, त्या येथे आधीच सांगून ठेवलेल्या आहेत, आणि सांगणाऱ्याने त्या स्वतःच्या प्राणाने मोलावल्या आहेत, असे त्यांना दिसले. नव्या धर्माचे संस्थापकपद त्या दिवसांत विसर्जित झाले. गुरू होण्यासाठी निघालेला माणूस शिष्य झाला. कोणाचा शिष्य झाला याविषयी तुमचे-माझे मत निराळे असेल, आणि ते असावे. पण सिंहासनावरून उतरून पायरीवर बसण्याला जे लागते ते सर्व धर्मांत एकच लागते.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईला अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चमध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. तो गोऱ्या मिशनऱ्याकडून न घेता देशी पाळकाच्या हातून घेण्याचा त्यांचा आग्रह होता. जात गेली, आप्त गेले, नोकरीची आशा गेली. संत पौल मूळचा मोठा शास्त्री. कुळ, परंपरा, कर्मठपणा या सर्वांचा त्याला अभिमान होता, आणि ख्रिस्त भेटल्यावर ते सारे आपण कचरा मानतो असे तो फिलिप्पैकरांस कळवतो. टिळकांनी तेच केले, असे त्यांचे ख्रिस्ती चरित्रकार म्हणतील.

परंतु येथे मी थांबतो. टिळकांनी जे सोडले त्यात एक जिवंत माणूस होते, आणि ते त्यांनी आधी विचारल्याशिवाय सोडले. लक्ष्मीबाईंना नवऱ्याच्या धर्मांतराची बातमी कळली तेव्हा त्यांच्या पदरी लहानगा दत्तू होता. त्या वेड्याच व्हायच्या राहिल्या. नातलगांनी त्यांना पंढरपुरास नेले. नवरा जिवंत असून सवाष्णीने विधवेसारखे दिवस काढावेत, लोकांनी बोटे दाखवावीत, आणि पत्रांतून त्याचे कवितेत ओथंबलेले प्रेम यावे! बुद्धाने यशोधरेला झोपेत सोडले ते आपण कथेत गोड करून सांगतो. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना ते गोड करता येत नाही. देवासाठी जे सोडायचे ते आपले असावे लागते. पत्नीचे सौभाग्य आणि मुलाचे छत्र ही टिळकांची एकट्याची मालमत्ता नव्हती. टिळकांना याची जाणीव झाली नाही असे मात्र नाही. त्यांनी दुसरा संसार केला नाही, वाट पाहिली, आणि सुमारे पाच वर्षांनी कुटुंब पुन्हा एकत्र आले. बायकोवर धर्माची बळजबरी त्यांनी केली नाही. एकाच घरात ख्रिस्ती नवरा आणि सोवळ्यातला वेगळा स्वयंपाक करणारी बायको असे दिवस अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, आणि राहुरी या बाजूला गेले.

या चरित्रातील सर्वांत निर्मळ विसर्जन त्या वेगळ्या चुलीपाशी झाले, आणि ते टिळकांनी केलेले नाही. लक्ष्मीबाईंना शाळेचे शिक्षण नव्हते. शास्त्रार्थ त्यांना कोणी शिकवला नव्हता. पण शिवाशिव पाळता पाळता त्यांच्या मनात एक दिवस प्रश्न उभा राहिला की या जाती देवाने केल्या की माणसाने. पशुपक्ष्यांच्या जाती देवाने केल्या, तर त्या पाहताक्षणी निराळ्या ओळखू येतात. माणसामाणसांत तसे काही दिसत नाही. मग हे माणसाचेच काम, असा त्यांचा निवाडा झाला. निवाडा झाल्यावर त्यांनी सोवळे आवरून ठेवले आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याला त्या मोकळ्या झाल्या. नवऱ्याच्या व्याख्यानांनी जे झाले नाही ते स्वतःच्या विचाराने झाले. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. देव म्हणून पुजले जाणारे काही खरोखर देवाचे आहे की आपण घडवलेले, हे पारखण्याची इतकी साधी रीत मला कोणत्याही भाष्यग्रंथात आढळली नाही.

अहमदनगरच्या वीसएक वर्षांत टिळकांचे घर ही धर्मशाळाच होती. दुष्काळातली पोरकी मुले, प्लेगमधले रोगी, वाट चुकलेले कवी, सर्वांना तेथे थारा. धर्मशिक्षण देणाऱ्या विद्यालयात ते शिकवीत, पाळकपदाची दीक्षाही त्यांना मिळाली, आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ पत्राची मराठी बाजू त्यांच्या लेखणीकडे आली. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले. तेथे त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाची प्रतिभा टिळकांनी ओळखली. पुढे हे बालकवी त्यांच्या घरी मुलासारखे राहिले. ते ख्रिस्ती झाले नाहीत, आणि टिळकांचे प्रेम त्यामुळे तिळभर उणे झाले नाही. शिष्य आपल्यासारखाच व्हावा हा हट्ट गुरुजनांच्या देव्हाऱ्यात नेहमी असतो. त्यांच्या देव्हाऱ्यातली ती जागा रिकामी दिसते.

याच काळात त्यांनी आपल्या विद्येचे केले ते पाहण्यासारखे आहे. तिचा अभिमान सोडला, पण विद्या फेकून दिली नाही. शास्त्रीपणाचा भारदस्त डौल मागे पडला आणि ओवी-अभंग पुढे आले. ख्रिस्ती मंडळींत त्या वेळी इंग्रजी चालीवरची भाषांतरित गाणी पेटीवर गाइली जात. टिळकांनी त्यांच्या हाती टाळ दिला. आजही मराठी चर्चमधून जी भजने गातात त्यांत शेकड्यांनी पदे टिळकांची आहेत. कीर्तनाचीही तीच गोष्ट. अहमदनगरास त्यांच्या आधी कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाला आरंभ केला होता. टिळकांनी त्यात पूर्वीच्या हरिदासाची सारी कमाई ओतली. पूर्वरंगात सिद्धांत, उत्तररंगात आख्यान, हा नारदीय सांचा मोडायचे त्यांना कारण वाटले नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते मोकळेपणाने सांगत, आणि तो पूल ओलांडल्यावर त्यांनी मागे वळून मोडला नाही. धर्मांतरितांत हे विरळा आढळते.

वयाच्या पंचावन्नाव्या वर्षापर्यंत असे सारे स्थिरावले होते. मान होता, पगार होता, मिशनचा आधार होता. जो मनुष्य जातीतून बाहेर पडताना भीक मागायला तयार झाला, त्याला आता बसायला खुर्ची होती. आणि ही खुर्ची धर्माची, सेवेची, देवाच्या कामाची. हिला मूर्ती कसे म्हणावे? संतांनी नामदेवांची परीक्षा घेतली तो प्रसंग येथे आठवतो. विठ्ठल ज्यांच्याशी बोलतो, ज्यांच्या हातचा नैवेद्य खातो, त्या नामदेवांना गोरोबाकाकांनी कच्चे मडके ठरवले. देवाशी असलेल्या सलगीचाच अभिमान राहिला होता. पुढे औंढा नागनाथी विसोबा खेचरांनी पिंडीवर पाय ठेवून निजण्याचे सोंग केले आणि पाय जिकडे हलवावेत तिकडे पिंडी दिसू लागली, तेव्हा तो गळाला. सर्वांत अवघड मूर्ती ही देवाच्या कामाच्या रूपाने येते.

टिळकांना ती ओळखू आली, आणि ओळखण्याची खूण त्यांना आसपासच सापडली. ख्रिस्ताकडे ओढला जाणारा हिंदू चर्चच्या दाराशी येऊन परत फिरतो, कारण दार परदेशी आहे, हे ते वर्षानुवर्षे पाहत होते. परदेशी द्रव्यावर चालणारा उपदेशक म्हणजे लोकांच्या दृष्टीने पोटार्थी. या स्थितीविषयी ते मिशनला आणि बांधवांना टोचून बोलत, लिहीत. पण बोलणाऱ्याचा महिनाही त्याच पेटीतून येत होता. ख्रिस्ताकडे एक श्रीमंत तरुण आला. सर्व आज्ञा तो पाळीत होता. त्याला एकच गोष्ट सांगितली गेली की असलेले विकून गोरगरिबांना दे आणि माझ्यामागे ये. तो खिन्न होऊन निघून गेला. ही कथा टिळकांनी किती वेळा सांगितली असेल! १९१७ साली त्यांनी मिशनच्या वेतनाचा त्याग केला. मिशनऱ्यांशी भांडण करून नव्हे, प्रेम राखून. बुटींचा आश्रय सुटला होता तेव्हा ते तरुण होते. आता प्रकृती खंगलेली होती. आपल्याकडे संन्यास म्हणजे काय हे ज्याला लहानपणापासून ठाऊक, त्याने ख्रिस्ती होऊन बावीस वर्षे झाल्यावर संन्यस्त वृत्ती धरली.

साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही तेथे ख्रिस्ताचे भक्त म्हणून एका पंक्तीला बसावेत अशी कल्पना होती. चर्चमधील पुष्कळांना ती रुचली नाही. बाप्तिस्म्याशिवाय शिष्य कसा, हा त्यांचा प्रश्न त्यांच्या शास्त्राप्रमाणे रास्तच होता. एकदा जातीने बाहेर टाकलेला हा माणूस आता स्वतःच्या धर्मबांधवांतही थोडा एकटा पडला. माझे स्पष्ट मत असे की जातीने बाहेर टाकणे सोसायला सोपे असते, त्यात शौर्याची झिंग असते. आपल्या मंडळींत एकटे पडणे सोसायला फार धीर लागतो. लक्ष्मीबाई मात्र या वेळी बरोबर होत्या. पहिल्या त्यागात त्यांना विचारले गेले नव्हते. या दुसऱ्या त्यागात त्यांचा संसार पुन्हा हलला. त्या कुरकुरल्या असतील, विनोद करून हसल्याही असतील, पण यात त्यांचा वाटा होता.

दरबाराला दोन वर्षेही लाभली नाहीत. टिळक आजारी पडले, त्यांना मुंबईला आणले, आणि ९ मे १९१९ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले. दरबार त्यांच्यामागे टिकून राहिला नाही. संस्था आपल्या नावाने चालावी अशी व्यवस्था करून ठेवणे हे त्यांना कधी जमलेच नाही, आणि या चरित्रात तो दोष म्हणावा की नाही हे वाचकांनी ठरवावे.

एक काम मात्र त्यांच्या जिवाचे होते. १९०९ साली त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य लिहावयास घेतले होते. गोमंतकात फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापून झाले, त्यानंतर तीनशे वर्षांनी मराठीत ख्रिस्ताचे सांग चरित्र ओवीत आणावे ही कवीच्या आयुष्याची आकांक्षा. दहा अध्याय झाले, अकरावा अर्धा राहिला, आणि ग्रंथ तेथेच थांबला. साताऱ्याला जाताना, प्रकृती ढासळताना, तो पुरा करण्यासाठी हातातली दुसरी कामे त्यांनी बाजूला ठेवली नाहीत. ज्यांच्या नशिबी अपुरा ग्रंथ येतो त्या पंडितांची अखेरची तळमळ आम्ही जवळून पाहिलेली आहे. टिळकांच्या अखेरच्या दिवसांत ती ग्रंथाविषयी दिसत नाही.

त्यांच्या निधनानंतर काही वर्षांनी लक्ष्मीबाईंनी ती वही उघडली. लग्नात ज्यांना अक्षरओळख नव्हती, ज्यांना लिहावाचायला नवऱ्यानेच चिडत-हसत शिकवले, त्या बाईंनी अर्ध्या राहिलेल्या ओवीच्या पुढे ओवी जोडायला आरंभ केला. त्यांच्या हातून चौसष्ट अध्याय झाले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्या निवर्तल्या, आणि त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनी तो ग्रंथ १९३८ साली छापून प्रसिद्ध केला.